अहवालाची मधली पाने वर्गशिक्षकांपर्यंत पोहोचू द्या : कोल्हापूरच्या शिक्षण विभागाला खुले पत्र

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी (प्राथमिक), जिल्हा परिषद, कोल्हापूर,
मा. प्रशासनाधिकारी, प्राथमिक शिक्षण समिती, कोल्हापूर महानगरपालिका,
तसेच जिल्ह्यातील सर्व गटशिक्षणाधिकारी, केंद्रप्रमुख आणि मुख्याध्यापक यांस,

विषय : विशिष्ट अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांच्या बोधात्मक प्रक्रियांची माहिती प्रत्यक्ष अध्यापनात वापरली जावी याबाबत.

महोदय,

सविनय नमस्कार.

विशिष्ट अध्ययन अक्षमता (म्हणजे वाचन, लेखन किंवा गणित शिकताना येणारी खास अडचण) असलेल्या मुलांना शिकवणारी एक विशेष शिक्षिका या नात्याने मी हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे, कारण यातील मागणी एका शाळेपुरती किंवा एका मुलापुरती नाही. एखाद्या मुलाची रीतसर तपासणी होते तेव्हा मानसतज्ज्ञ अनेक पानांचा अहवाल देतात. त्याचे शेवटचे पान सगळे वाचतात, कारण निदान आणि टक्केवारी तिथे असते आणि पुढचे प्रमाणपत्र, परीक्षेतील जादा वेळ, लेखनिक, गणकयंत्राची परवानगी हे सारे त्या पानावर ठरते. मधली पाने मात्र सहसा कोणी उघडत नाही. ते मूल ऐकलेले किती वेळ डोक्यात धरू शकते, अक्षर पाहून त्याचा उच्चार आठवायला त्याला किती वेळ लागतो, क्रमाने येणारी माहिती त्याच्या हातून कोठे निसटते, सगळे एकत्र डोळ्यांपुढे आले तर त्याला किती चटकन उमगते, हे त्या मधल्या पानांत असते. यांनाच बोधात्मक प्रक्रिया म्हणतात. शिकवणाऱ्याला लागते ते नेमके हेच. ही माहिती सोप्या मराठीत वर्गशिक्षकांच्या हाती पडावी आणि शिकवणे त्यानुसार बदलावे, एवढीच माझी विनंती आहे.

कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये ज्या २१ दिव्यांगत्वांची नोंद आहे, त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे आणि तिची व्याख्याच भाषेवर प्रक्रिया करण्यातील उणीव अशी केलेली आहे. कलम १६ नुसार शाळांनी अशी अक्षमता शक्य तितक्या लवकर ओळखायची आहे आणि त्यावर योग्य ते शैक्षणिक उपायही योजायचे आहेत. महाराष्ट्रात अशा मुलांना परीक्षेत सवलती मिळू लागल्या त्या १९९६ पासून, म्हणजे हा कायदा येण्याच्या कितीतरी आधी, आणि त्याचा आपल्याला अभिमान वाटायला हवा. सवलती हव्यातच, पण त्यांचा उपयोग होतो तो परीक्षेच्या दालनात. पहिलीपासून दहावीपर्यंत रोज वर्गात जे घडते त्याला त्या स्पर्श करत नाहीत, आणि कलम १६ मधील दुसरा अर्धा भाग, म्हणजे शैक्षणिक उपाय, तिथेच राहून जातो.

आता मूळ मुद्द्याकडे येते. प्रगतिपुस्तकावर सारखेच गुण आणि सारखाच शेरा असलेली मुले आतून एकमेकांपासून फार वेगळी असू शकतात.

हुपरीच्या चांदी कारागिराच्या घरातला एक मुलगा तिसरीत होता. बाराखडी त्याला सुरात तोंडपाठ होती. पाटीवर एकटा ‘कु’ लिहून दाखवला की मात्र तो गप्प होई, मग ओठांत ‘क, का, कि, की’ असे म्हणत जाई आणि ‘कु’वर येऊन थांबे. प्रत्येक अक्षरासाठी त्याला रांगेच्या सुरुवातीला जावे लागे. शब्दातले दुसरे अक्षर सापडेपर्यंत पहिले निसटून जाई आणि वाक्याच्या शेवटी पोहोचल्यावर वाक्य कशाबद्दल होते हे त्याला सांगता येत नसे. आकडे ऐकून त्याच क्रमाने परत म्हणायच्या चाचणीत तो लवकर अडखळला. बाईंनी “पुस्तक काढा, पान चोवीस उघडा, दुसरा उतारा वाचा आणि रिकाम्या जागा भरा” असे सांगितले की तो पुस्तक काढून बसून राही, कारण पुढच्या तीन सूचना त्याच्यापाशी उरलेल्याच नसत. त्याच मुलाने वडिलांच्या शेजारी बसून पाहिलेल्या पैंजणाची नक्षी वहीच्या मागच्या पानावर जशीच्या तशी उतरवली होती, कोणती कडी कोठे अडकते यासह. त्याची आई मला म्हणाली, “पोरगं समदं तोंडानं सांगतंय बघा बाई, पर कागदावर कायबी उतरंना.” तिचे निरीक्षण अहवालाशी तंतोतंत जुळत होते.

मूळचे ओडिशाचे आणि पुढे कॅनडात अल्बर्टा विद्यापीठात काम केलेले मानसशास्त्रज्ञ जगन्नाथ प्रसाद दास यांनी रशियन मज्जामानसशास्त्रज्ञ लुरिया यांच्या कामावर उभारलेला सिद्धांत इथे उपयोगी पडतो. नियोजन, अवधान, समकालिक प्रक्रिया आणि क्रमिक प्रक्रिया असे बुद्धीच्या कामाचे चार भाग त्यांनी मानले, आणि नाग्लिएरी यांच्यासह त्यावर आधारलेली चाचणी १९९७ मध्ये प्रसिद्ध केली. एकामागून एक येणाऱ्या गोष्टींचा क्रम सांभाळणे ही क्रमिक प्रक्रिया, तर अनेक गोष्टींतील संबंध एकाच वेळी पाहणे ही समकालिक प्रक्रिया. अक्षरे जोडून शब्द वाचायला शिकताना क्रमिक प्रक्रियेवर मोठा भार येतो, आणि वाचनात अडकणाऱ्या बऱ्याच मुलांची हीच बाजू कच्ची आढळते. हुपरीच्या त्या मुलाची दुसरी बाजू भक्कम होती. त्याला सूचना एकेक करून द्यायच्या, फळ्याच्या कोपऱ्यात त्या लिहून किंवा चित्राने दाखवायच्या, शब्द आधी तोंडी तोडून मग लिहायला लावायचा आणि बाराखडी क्रम मोडून शिकवायची, हे एकदा ठरले की काम सुरू होते. “घरी दहा वेळा लिहून आण” या उपायाने त्याच्या हाताला कळ लागण्यापलीकडे काही साधत नाही.

दुसऱ्या प्रकारचे मूल बरोबर वाचते, पण फार सावकाश. त्याला ध्वनी कळतात, जोडाक्षरेही येतात, मात्र अक्षर किंवा चित्र पाहून त्याचे नाव चटकन ओठांवर येत नाही. ओळीने मांडलेले रंग, आकडे, वस्तू भराभर सांगायच्या चाचणीत हे दिसते. मेरीॲन वुल्फ आणि पॅट्रिशिया बाउअर्स यांनी १९९९ मध्ये मांडले की ध्वनींची कच्ची जाण आणि नावे आठवण्यातील संथपणा या दोन स्वतंत्र अडचणी असू शकतात आणि ज्या मुलात दोन्ही असतात त्याचे वाचन सर्वांत जास्त अडते. आपल्यासाठी ही गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. मराठीत बहुतेक शब्द लिहिले तसेच वाचले जातात, आणि अशा भाषांमध्ये डिस्लेक्सिया, म्हणजे वाचनातली अध्ययन अक्षमता, चुकांपेक्षा संथ गतीतून अधिक दिसतो, हे जर्मन आणि इटालियन मुलांच्या अभ्यासांतून पुढे आलेले आहे. म्हणून आपल्या शाळेत हे मूल “वाचता येते” या रकान्यात जाते. पाचवी-सहावीत उतारे लांबतात, विज्ञान आणि इतिहास वाचून समजून घ्यावे लागतात, इंग्रजीचे बेभरवशाचे स्पेलिंग अंगावर येते, आणि मग अचानक ते मूल ‘बिघडले’ असे घरच्यांना वाटते. त्याला हवा असतो तोच उतारा पुन्हा पुन्हा मोठ्याने वाचण्याचा सराव, परीक्षेत जादा वेळ आणि चारचौघांत घाईने वाचायला उभे करण्यातून सुटका.

तिसऱ्या प्रकारात मूल वाचते चांगले, पाढे येतात, पण शाब्दिक उदाहरणातले दोन आकडे दिसताच त्यांची बेरीज करून मोकळे होते, कारण आधी काय विचारले आहे, मग काय करायचे, असा आराखडा ते मनात करत नाही. अशा एका मुलीला उदाहरणाखाली ‘काय दिले आहे, काय काढायचे आहे’ असे दोन रकाने आखून दिले आणि ते भरल्याशिवाय आकडेमोड करायची नाही असे ठरवले. तिच्या गणितात फरक पडायला वेगळ्या पुस्तकाची गरज लागली नाही.

या तिघांच्या वहीवर लाल शाईत शेरा एकच असतो, “अभ्यासाकडे लक्ष नाही.” उपचारात्मक अध्यापनाच्या तासाला तिघे शेजारी बसतात आणि तिघांना तीच कृतिपत्रिका मिळते.

आपल्या लिपीमुळे आणि संख्यानामांमुळे यात जी भर पडते ती परदेशी पुस्तकांत सापडणार नाही, म्हणून ती थोडी सविस्तर लिहिते. पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी लिहिली जाते आणि नंतर उच्चारली जाते. देवनागरी वाचणाऱ्यांवरील प्रयोगांत अशा शब्दांना जास्त वेळ लागल्याचे दिसले आहे. ‘सूर्य’मधला रफार ‘य’च्या डोक्यावर बसतो, पण ऐकू येतो त्याच्या आधी. ‘रस’, ‘सूर्य’, ‘प्रकाश’, ‘राष्ट्र’ आणि ‘सुऱ्या’ या पाच शब्दांत एकच ‘र’ पाच रूपे घेतो. ज्या मुलाचा क्रम कच्चा आहे त्याने ‘सुय्र’ लिहिले तर त्याने दोन्ही ध्वनी ऐकलेले असतात, फक्त त्यांच्या जागा त्याच्या हातून अदलाबदल होतात. तपासताना अख्खा शब्द चूक धरण्याऐवजी एवढे पाहिले तरी पुढे काय शिकवायचे ते कळते. कन्नडमधील वाचनावर सोनाली नाग यांनी केलेल्या अभ्यासातून दिसले आहे की आपल्यासारख्या अक्षरप्रधान लिप्यांत चिन्हांची संख्या मोठी असल्याने सर्वसाधारण मुलांनाही त्या आत्मसात करायला इंग्रजी वर्णमालेपेक्षा बरीच जास्त वर्षे लागतात. तेव्हा पहिलीच्या अखेरीस जोडाक्षरे आली नाहीत म्हणून घाबरण्याचे कारण नाही, आणि चौथीतही साध्या मात्रा डळमळत असतील तर “येईल हळूहळू” म्हणून सोडून देण्याचेही नाही.

आकड्यांचे तसेच. ‘त्रेसष्ट’ ऐकताना आधी तीन येतो आणि मग साठ. ऐकले त्या क्रमाने लिहिणारे मूल ३६ लिहिते. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘साठ तीन’ अशा वाचनाची जोड दिली तेव्हा राज्यभर वाद झाला. त्या वादात न शिरता मी एवढेच म्हणेन की क्रमिक प्रक्रिया कच्ची असलेल्या मुलांना दोन्ही वाचने शेजारी शेजारी दिली तर त्यांच्या डोक्यावरचा भार हलका होतो, आणि ही मुभा शिक्षकांनी निःसंकोचपणे वापरावी.

उत्साहाच्या भरात चुकीच्या वाटेने जाऊ नये म्हणून काही गोष्टी स्पष्ट सांगायला हव्यात. बोधात्मक प्रक्रियांच्या चाचण्यांतील मुलाच्या गुणांचा आलेख पाहून निदान करता येत नाही. वेक्सलर यांच्या बुद्धिमापन चाचणीत अंकगणित, संकेतलेखन, सामान्य माहिती आणि अंकस्मरण या चार उपचाचण्यांत कमी गुण पडले की अध्ययन अक्षमता, असे एकेकाळी मानले जाई. पुढील संशोधनाने हा ठोकताळा एकेका मुलाच्या निदानासाठी विश्वासार्ह नसल्याचे दाखवले. निदान व्हायचे ते वाचन, लेखन आणि गणित यांच्या प्रत्यक्ष तपासणीवरून, आणि आलेखाचा उपयोग शिकवणे आखण्यासाठी. ‘हे मूल दृश्य शैलीचे, ते श्रवण शैलीचे’ अशी जी विभागणी प्रशिक्षणांतून सर्रास सांगितली जाते तिच्या शैलीनुसार शिकवल्याने शिकणे सुधारते, याला पुरेसा आधार मिळालेला नाही. मी ज्या प्रक्रियांबद्दल बोलत आहे त्यांची गल्लत त्या शैलींशी करू नये. स्मरणशक्तीचे खेळ खेळवून मूल त्या खेळांत तरबेज होते, पण त्यामुळे वाचन सुधारत नाही, असे अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा सांगतो. मेंदू विकासाच्या नावाखाली घसघशीत फी घेणाऱ्या वर्गांत आपल्या जिल्ह्यातील कष्टकरी पालक पैसे घालतात, तेव्हा त्यांना हे कोणीतरी अधिकाराने सांगायला हवे. अक्षर आणि ध्वनी यांचे नाते टप्प्याटप्प्याने, स्पष्टपणे आणि भरपूर सरावासह शिकवणे हाच वाचनासाठीचा सर्वांत भरवशाचा उपाय आहे. मुलाचा आलेख तो उपाय कसा द्यायचा, किती लहान घास करून द्यायचा, ते सांगतो.

एक गोष्ट खास आपल्या भागातली. घरात ‘पानी’ आणि ‘कोन’ म्हणणारे मूल ‘पानी’ आणि ‘कोन’ लिहिते. हा बोलीचा परिणाम आहे आणि तो ध्वनिदोषांत मोजला जाऊ नये. शिरोळ, गडहिंग्लज, चंदगड भागांत घरी कन्नड बोलणारी मुले मराठी शाळेत येतात, आणि त्यांची तपासणी दोन्ही भाषांचा विचार करून व्हायला हवी. ऊसतोडीच्या हंगामात पालकांबरोबर फडावर आलेल्या मुलांची गोष्ट तर निराळीच आहे. ज्याला सलग शाळाच मिळालेली नाही त्याला वाचता येत नसेल तर त्याचे कारण मुलाच्या मेंदूत शोधणे अन्यायाचे ठरेल. त्याला शिकवायला हवे, तपासायला नव्हे.

तपासणीचे साधन मराठीत नाही ही सबबही आता चालणार नाही. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेला डाली हा चाचणीसंच २०१५ मध्ये आला आणि तो ज्या भाषांसाठी आहे त्यांत मराठी आहे. पहिली-दुसरीसाठी आणि तिसरी ते पाचवीसाठी शिक्षकांनीच भरायच्या स्वतंत्र प्राथमिक तपासण्या त्यात आहेत. एनसीईआरटीचे दिव्यांगत्वाच्या प्राथमिक तपासणीसाठीचे प्रशस्त हे ॲपही शाळांसाठी उपलब्ध आहे. मात्र प्राथमिक तपासणी आणि निदान यांतला फरक शिक्षकांना समजावून दिला पाहिजे, नाहीतर ॲपमधली खूण हाच मुलाच्या कपाळावरचा शिक्का होईल.

प्रमाणपत्राची वाट पाहणे हे मला सर्वांत घातक वाटते. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत हे प्रमाणपत्र वयाच्या ८ व्या वर्षापासून देण्याचे ठरवले होते, आणि निदानाच्या दृष्टीने ते योग्यच आहे. परंतु याचा अर्थ तोवर काही करायचे नाही असा घेतला जातो. पहिलीतल्या मुलाला ध्वनी वेगळे करता येत नाहीत हे दिसत असताना त्याला ते शिकवायला कोणाच्या सहीची गरज नाही. त्याच सूचनांत बुद्ध्यांक ८५ च्या वर असावा अशी अट होती. ज्या मुलाची कामापुरती स्मृती (ऐकलेले-पाहिलेले थोडा वेळ डोक्यात धरून वापरण्याची क्षमता) आणि गती कमी आहे त्याचा एकूण बुद्ध्यांक त्या उपचाचण्यांमुळेच खाली ओढला जाऊ शकतो, आणि मग जी अडचण मोजायची तिच्याचमुळे तो रेषेच्या अलीकडे राहतो. असे मूल प्रमाणपत्राला मुकले तरी शिकवण्यात मुकू नये.

राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड ठेवला. या जिल्ह्यातील पालक आज दंडाच्या भीतीने नव्हे, तर आपल्या पोराला शिकवायचेच या जिद्दीने शाळेत येतात. शिष्यवृत्ती परीक्षेच्या गुणवत्ता यादीसाठी आपल्या शाळा पहाटेपासून जादा तास घेतात, हे मी जवळून पाहिले आहे. ते कष्ट घेणाऱ्या शिक्षकांकडे इच्छा किंवा क्षमता कमी आहे असे मला कधीही वाटलेले नाही. त्यांच्या हाती योग्य माहिती पडत नाही, एवढेच.

म्हणून आपल्याकडून काय हवे ते नेमके सांगते. तपासणी झालेल्या प्रत्येक मुलाच्या अहवालाबरोबर एक पानी ‘अध्यापन टिपण’ मराठीत देण्याची पद्धत जिल्ह्यात सुरू करावी. मुलाची भक्कम बाजू, कच्ची बाजू, वर्गात काय करावे आणि काय करू नये, एवढेच त्यात असावे, आणि टक्केवारी त्यात नसावी. ते पालकांच्या संमतीने वर्गशिक्षकांना मिळावे आणि मुलाच्या संचयी नोंदीबरोबर पुढच्या वर्गात जावे. बदल्यांच्या हंगामात ज्या शिक्षकाने वर्षभर मूल ओळखून घेतले तो दुसऱ्या तालुक्यात जातो आणि नव्या शिक्षकासमोर तेच मूल पुन्हा शून्यापासून ‘लक्ष नसलेले’ ठरते. टिपण असेल तर हे टळेल. केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत परिपत्रकांचे वाचन होते तिथे एखादा तास अशा टिपणावर प्रत्यक्ष वही समोर ठेवून चर्चेला द्यावा, आणि जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेने गट साधन केंद्रांतील विशेष शिक्षकांना त्यासाठी तयार करावे.

तपासणीची सोय कोल्हापूर शहरापुरती राहू नये. चंदगडहून कोल्हापूर १०० किलोमीटरहून दूर आहे. तिथल्या माणसाला बेळगाव जवळ पडते, पण ते कर्नाटकात आहे. दिवसाची मजुरी बुडवून, मुलाला घेऊन कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या आवारात रांग लावायची आणि पुढची तारीख घेऊन परतायचे, हे चंदगड, आजरा, भुदरगडच्या पालकांना एकदा जमते, दुसऱ्यांदा जमत नाही. आरोग्य विभागाशी बोलून गडहिंग्लजच्या उपजिल्हा रुग्णालयात ठरावीक दिवशी तज्ज्ञांचे पथक बसवता आले तर दक्षिणेकडचे तालुके सावरतील. शाहूवाडी आणि गगनबावड्याच्या वाड्यावस्त्यांसाठीही असाच विचार व्हावा.

यातील अध्यापन टिपणाचा नमुना मी आणि माझ्यासोबत काम करणाऱ्या काही शिक्षिकांनी तयार केला आहे. आपण कळवाल त्या दिवशी तो घेऊन येऊ. एखाद्या केंद्रातील शाळांत येत्या शैक्षणिक वर्षात तो वापरून पाहण्याची परवानगी द्यावी, आणि दिवाळीच्या सुटीनंतर त्या शाळांतील वर्गशिक्षकांनाच विचारून त्यात दुरुस्त्या कराव्यात, ही विनंती.

कळावे,

आपली नम्र,
एक विशेष शिक्षिका, कोल्हापूर